झाडाची साल, उंदीर आणि घटलेलं वजन: बेळगावातल्या एका प्राणी नीतिसमितीपुढचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगावातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातलं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पशुवैद्यक आहे आणि तिथल्या प्राणी नीतिसमितीचा सदस्य आहे. त्यामुळे पहिल्या अर्जापासून शेवटच्या अहवालापर्यंतचे सगळे कागद माझ्या नजरेखालून गेले.

विद्यार्थिनीला स्नेहल म्हणू. घर निपाणीजवळचं. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. १९८१ सालचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन अजूनही तिथल्या बोलण्यात येतं. स्नेहलची आजी तरुणपणापासून तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची. तिच्या गालाच्या आत जखम झाली, ती बरी होईना. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा फार उशीर झाला होता. स्नेहलने एम.फार्म.ला औषधशास्त्र घेतलं ते आजीमुळेच.

तिचे मामा खानापूर तालुक्यात, जंगलालगतच्या गावात राहतात. तिथले एक वैदू गाठींवर एका झाडाची साल उगाळून देतात. मामा तिला म्हणाले, “साल उगाळून आठ दिवस दिली की गाठ बसत्या बघ. तू एवढी शिकलीस, हे तपासून दाखव की.” झाडाचं नाव मी मुद्दाम देत नाही. याच पट्ट्यात नरक्या या झाडाचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे. नरक्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या औषधांचं मूळ द्रव्य असतं हे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. पुढे सह्याद्रीतली नरक्याची झाडं चोरून तोडली गेली, कुठे कुठे तर मुळासकट.

पहिला अर्ज

स्नेहलच्या अर्जाचं शीर्षक होतं सालीच्या अर्काचा ‘कर्करोगविरोधी गुण’, आणि पद्धत होती एर्लिख ॲसायटिसची. उंदरांच्या पोटात कर्करोगाच्या पेशी टोचायच्या, दुसऱ्या दिवसापासून अर्क द्यायचा, पोटात पाणी किती साठलं आणि उंदीर किती दिवस जगले ते मोजायचं. दोन-तीन आठवड्यांत निकाल हातात. त्या विभागातले आधीचे प्रबंधही याच वाटेने गेलेले होते.

आमच्या समितीला प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या १९९८ च्या नियमांनुसार काम करावं लागतं. उंदरांसारख्या लहान प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी इथेच द्यायची असते, दिल्लीला केंद्रीय समितीकडे जावं लागत नाही. म्हणूनच जबाबदारी जास्त वाटते. फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, वाचताना मला एकच प्रश्न सतावत होता. मुलीला विचारायचं आहे तंबाखूने तोंडात वर्षानुवर्षांत होणाऱ्या कर्करोगाबद्दल. मग हा उंदीर तिला कशाबद्दल सांगणार?

एर्लिखच्या पेशी आल्या कुठून ते इथे सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये मोरो यांनी एका उंदराची गाठ दुसऱ्या उंदरात, तिथून तिसऱ्यात अशी लावत नेली. १९०३ साली कोपनहेगनच्या येन्सन यांनी तेच काम पद्धतशीरपणे केलं, आणि लवकरच फ्रँकफर्टमध्ये पाउल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत अशा गाठींचे साठे तयार झाले. आजची एर्लिख गाठ मूळची एका उंदरीच्या स्तनातली. १९३२ साली लोवेन्थाल आणि यान यांनी तिला पोटातल्या पाण्यात वाढणाऱ्या रूपात आणलं, आणि तेव्हापासून ती जगभर एका उंदराच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात चालत आली आहे.

त्या काळात संशोधकांना एक गोष्ट फार छळत होती. एका उंदराची गाठ दुसऱ्यात लावली की बहुतेक वेळा ती रुजतच नसे. रक्ताचं नातं जवळचं असेल तरच रुजे. याच अडचणीतून एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वीण करून एकसारखे उंदीर तयार करायची कल्पना पुढे आली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळत. आपल्या काही उंदरांच्या कातडीवर गाठी दिसतात हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी ते शास्त्रज्ञांना कळवलं, आणि लिओ लोब यांच्याबरोबर स्वतः प्रयोगही केले. क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ मध्ये डीबीए हा पहिला शुद्ध वंश सुरू केला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत असलेला सी-५७-ब्लॅक हा वंश लॅथ्रॉपबाईंच्याच उंदरांतून आलेला. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत या बाईंचं नाव मला कधी दिसलं नाही, याचं वाईट वाटतं.

एर्लिखची गाठ मात्र जवळजवळ कुठल्याही उंदरात वाढते. कमी सोयीच्या कॉलेजांत ती टिकून राहिली ती याच गुणामुळे. पण त्या पेशी पोटात टोचायच्या आणि अर्कही पोटातच टोचायचा, म्हणजे पेशी आणि विष समोरासमोर येतात. ती परीक्षा काचेच्या नळीतही होते, त्यासाठी जनावर मारायची गरज नाही. बैठकीत मी हे असंच बोललो.

मार्गदर्शक सरांनी शांतपणे उत्तर दिलं. “डॉक्टर, तुमचं बरोबर आहे. पण पोरीला प्रबंध द्यायला वर्षसुद्धा नाही. आणि पैसे कुठून आणू?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरीही समितीने अर्ज परत पाठवला: आधी प्रश्न ठरवा, मग पद्धत.

कोणते पर्याय होते

पुढच्या बैठकीला स्नेहल तयारी करून आली. तिने मांडलेल्या पर्यायांपैकी सगळ्यात जास्त चर्चा कातडीवरच्या पद्धतीवर झाली. उंदरात गाठ मुद्दाम निर्माण करण्याचा इतिहास खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू होतो.

१७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराड्या साफ करणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो असं लिहिलं. काजळीवर संशय आला, पण जनावरात ते घडवून दाखवायला कोणाला जमेना. आधी ज्यांनी प्रयत्न केले त्यांनी लवकर सोडून दिलं. टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सोडलं नाही. सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर लावत राहून १९१५ साली त्यांनी कर्करोग घडवून दाखवला. १९१८ मध्ये जपानमध्येच त्सुत्सुई यांनी तेच उंदरांच्या पाठीवर केलं. मग लंडनमध्ये केनवे यांच्या गटाने डांबरातला नेमका कोणता पदार्थ हे करतो त्याचा माग काढला. १९३० मध्ये पहिल्यांदा एका शुद्ध रसायनाने उंदराच्या कातडीवर गाठी आणल्या गेल्या, आणि १९३३ मध्ये दोन टन डांबरातून बेन्झोपायरीन वेगळं काढलं गेलं. तेच बेन्झोपायरीन विडीच्या धुरात असतं, मशेरीत असतं. तंबाखू तव्यावर भाजून काळी केली की त्यात काय तयार होतं याचं उत्तर या कामात आहे.

१९५३ साली अमेरिकेत विंडर, ग्रॅहॅम आणि क्रोनिंगर यांनी यंत्राने सिगारेटी ओढवून डांबर गोळा केलं, ॲसिटोनमध्ये विरघळवून उंदरांच्या पाठीला लावलं, आणि ४४ टक्के उंदरांना कर्करोग झाला. तंबाखू कंपन्यांना सगळ्यात जास्त हादरा बसला तो या प्रयोगाने. ग्रॅहॅम स्वतः वर्षानुवर्षं सिगारेट ओढायचे. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले.

आपल्याकडचं काम मी स्नेहलला मुद्दाम वाचायला लावलं. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ खानोलकरांच्या हाताखाली शिकल्या, परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, स्तनांच्या गाठी होणाऱ्या उंदरांच्या वंशावर वर्षानुवर्षं काम केलं. सुपारी आणि तंबाखू यांच्या प्राण्यांवरच्या परिणामांबद्दलचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. निपाणीच्या मुलीला हे माहीत नसावं असं मला वाटत नव्हतं.

आता पद्धत. १९४७ मध्ये बेरेनब्लम आणि शुबिक यांनी दाखवलं की कातडीवरची गाठ दोन पायऱ्यांनी घडवता येते. आधी एकदाच, अगदी थोडं कर्करोगकारी रसायन लावायचं. त्याने बीज पडतं, पण दिसत काही नाही. मग आठवड्यांमागून आठवडे एक चेतवणारा पदार्थ लावत राहायचा, तेव्हा चामखिळीसारख्या गाठी उठतात. नुसतं पहिलं लावलं तर फारसं काही होत नाही, नुसतं दुसरं लावलं तरी नाही, आणि क्रम उलटा केला तरी नाही. तो चेतवणारा पदार्थ होता क्रोटनचं तेल, म्हणजे आपल्या जमालगोट्याच्या बियांचं तेल. आयुर्वेदात जयपाळ शोधन करूनच वापरायला सांगितला आहे, इतका तो उग्र. १९६० च्या दशकात त्या तेलातला नेमका घटक वेगळा झाला, त्याला आज टीपीए म्हणतात. पहिल्या पायरीसाठी आता बहुतेक जण डीएमबीए वापरतात.

दुसरा पर्याय फोर-एनक्यूओचा. हे रसायन पिण्याच्या पाण्यातून दिलं की उंदरांच्या जिभेवर आणि घशात गाठी होतात. स्नेहलच्या प्रश्नाला हाच सगळ्यात जवळचा. पण त्याला अनेक महिने लागतात, आणि ॲनिमल हाउसमध्ये पाण्याच्या बाटल्या धुणाऱ्या मावशींच्या हाताला ते रसायन लागणार. त्या मावशींच्या संरक्षणाची नीट सोय तिथे नव्हती. मी याला ठाम विरोध केला.

तिसरा, माणसाची गाठ बिनकेसांच्या उंदरात लावायचा. या उंदरांत थायमस ग्रंथी नसल्यामुळे परकी गाठ रुजते. डेन्मार्कमध्ये १९६९ साली माणसाच्या आतड्याची गाठ अशी पहिल्यांदा लावली गेली. त्यासाठी निर्जंतुक पिंजरे लागतात. ते नव्हते, विषय संपला.

चौथा म्हणजे नुसत्या पेशींवर काम करायचं, उंदीर नकोच.

निर्णय

समितीने दोन टप्पे ठरवले. आधी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी आणायच्या आणि अर्क त्यांच्यावर तपासायचा, सोबत निरोगी पेशींवरही. तिथे काही वेगळेपण दिसलं तरच उंदरांकडे वळायचं, आणि तेही दोन पायऱ्यांच्या कातडीच्या पद्धतीने, कमीत कमी संख्येत. गाठीला जखम झाली किंवा वजन पाचव्या हिश्शाने घटलं तर त्या उंदराला वेदना न होता मुक्त करायचं. दर आठवड्याला वजन घ्यायचं ही अट मी घातली. पशुवैद्यकाला जनावराची तब्येत आधी काट्यावर दिसते.

पेशींवर अर्काचा परिणाम दिसला. निरोगी पेशींपेक्षा कर्करोगाच्या पेशी थोड्या लवकर मेल्या. फरक मोठा नव्हता, पण होता. उंदरांना परवानगी मिळाली.

त्यानंतर एक निर्णय झाला जो त्या वेळी अगदी साधा वाटला. अर्क रोज नळीने उंदराच्या तोंडातून पोटात द्यायचा, की खाद्यात मिसळायचा? नळी रोज घालायची म्हणजे रोज धरायचं, रोजचा त्रास, एखादा दगावायचा धोका. खाद्यात मिसळणं दयाळूपणाचं. मीही त्याच बाजूने मत दिलं, आणि प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर ते मत आजही चुकीचं वाटत नाही. पण त्यासोबत आणखी एक गट ठेवायला हवा होता. त्याबद्दल पुढे.

काय घडलं

सात-आठ आठवड्यांच्या उंदरांच्या पाठीवरचे केस काढून डीएमबीए एकदा लावलं गेलं, आणि आठवडाभराने टीपीए सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. पहिल्या आठवड्यातला पिंजऱ्यांतला भुसा वेगळा बांधून जाळायला पाठवला. स्नेहल सुट्टीच्या दिवशीही येऊन पिंजरे पाहायची.

साधा आहार घेणाऱ्या गटात अपेक्षेप्रमाणे गाठी उठल्या. अर्काच्या गटात त्या उशिरा उठल्या आणि कमी उठल्या. विभागात आनंद झाला. स्नेहलने मामांना फोन केला, आणि मामांनी गावात सांगितलं की कॉलेजात साल सिद्ध झाली.

शेवटच्या अहवालासोबत वजनाची तक्ते आमच्याकडे आली. अर्काच्या गटातले उंदीर पहिल्या महिन्यापासूनच हलके होते. साल कडू होती. उंदीर कमी खात होते.

कर्करोगाच्या प्रयोगांत ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे. १९१४ मध्ये पेटन राउस यांनी कमी खाणाऱ्या उंदरांत गाठी मंद वाढतात असं लिहिलं. १९४० पासून शिकागोच्या टॅननबाउम यांनी एकामागून एक प्रयोग करून दाखवलं की उंदराला मिळणारी ऊर्जा कमी केली तर कातडीवरच्या, स्तनातल्या, कितीतरी प्रकारच्या गाठी कमी होतात. कातडीच्या गाठींत हा परिणाम दुसऱ्या, चेतवण्याच्या पायरीवर विशेष दिसतो. म्हणजे स्नेहलच्या उंदरांना साल तारत होती की अर्धपोटी राहणं, हे तिच्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं.

आहाराने भल्याभल्यांना फसवलं आहे. डेन्मार्कच्या फिबिगर यांना उंदीर-घुशींच्या जठरात कृमींनी कर्करोग होतो या कामासाठी १९२६ चं नोबेल मिळालं. नंतर दिसून आलं की त्या घुशींच्या आहारात अ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि ज्याला कर्करोग म्हटलं ते बहुतेक कर्करोग नव्हतंच.

मार्गदर्शक सरांचा पहिला विचार वजनाची तक्ते परिशिष्टात टाकण्याचा होता. वाईट हेतू नव्हता. ‘विषबाधा झाली का’ हे पाहण्यासाठी घेतलेली वजनं तिथेच जातात, अशी रीत आहे. समितीने ती निष्कर्षांच्या पहिल्याच पानावर मागितली. दोन दिवस विभागात ताण होता. स्नेहल आली आणि म्हणाली, “सर, मी शीर्षकातला कर्करोगविरोधी हा शब्द काढते.” तिने तो काढला. प्रबंधात तिने लिहिलं की गाठी कमी होण्याचं एक कारण कमी आहार असू शकतं आणि या प्रयोगातून दोन्ही वेगळं करता येत नाही. प्रबंध मान्य झाला.

गावातला निर्णय

मला जास्त काळजी खानापूरकडची होती. मामांच्या गावात एका माणसाच्या जिभेला जखम होती आणि तो साल उगाळून घेत होता. कॉलेजात सिद्ध झालं हे त्यानेही ऐकलं होतं.

स्नेहल स्वतः गेली. तिने मामांना समोर बसवून सांगितलं, “मामा, उंदरांच्या पाठीवर उठल्या त्या चामखिळी. त्यातल्या बऱ्याचशा ते चेतवणारं रसायन लावायचं थांबवलं की आपोआप जातात. तो कॅन्सर नाही. आणि आमचे उंदीर उपाशी होते.” नरक्याचं उदाहरणही तिने दिलं. कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये वॉल आणि वानी यांनी शोधलं ते उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याचा उत्तम परिणाम दिसल्यामुळे. पण माणसांवरचे पहिले प्रयोग १९७० च्या दशकात थांबवावे लागले, कारण रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जायला लागलं. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन त्या रेणूच्या निकामी रूपाला घट्ट धरून ठेवतं, उंदराचं तितकं नाही, हे नंतर कळलं. रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. उंदरापासून रुग्णापर्यंत तीस वर्षं.

मामांना राग आला, मग ते गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी तेच त्या माणसाला घेऊन बेळगावला आले. तुकडा तपासला, कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली. तो माणूस साल अजूनही घेतो, पण डॉक्टरांना सांगून.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट म्हणजे तोलून खाणारा गट. अर्काच्या गटातले उंदीर रोज जेवढं खातात तेवढंच साधं खाद्य तिसऱ्या गटाला द्यायचं. थोडे जास्त उंदीर लागले असते, आणि संख्या कमी ठेवण्याच्या आमच्या आग्रहात तो प्रश्न विचारलाच गेला नाही. संख्या कमी ठेवणं योग्यच, पण उत्तर मिळणार नसेल तर वापरलेला एकेक उंदीर वाया जातो.

दुसरं, गाठी मोजणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे ठाऊक होतं. ते टाळणं फुकट आहे, फक्त पिंजऱ्यांना आकडे द्यायचे आणि यादी दुसऱ्याकडे ठेवायची.

तिसरं, पेशींवरच्या निकालाला आम्ही जरा लवकर हो म्हटलं असं मला वाटतं. समितीतल्या दोघांचं मत वेगळं आहे; ते म्हणतात तेवढा फरक पुरेसा होता. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

आणि मामांशी बोलणं सुरुवातीलाच व्हायला हवं होतं. गावातून आलेला प्रश्न घेऊन प्रयोग करायचा तर गावाला काय आणि कधी सांगायचं हेही अर्जात लिहून घेता येतं.

त्यानंतर

समितीने आपल्या अर्जात दोन रकाने वाढवले आहेत: अर्क खाद्यातून देणार असाल तर रोजचा आहार कसा मोजणार, आणि निकाल प्रयोगशाळेबाहेर कोणाला सांगणार. सालीचा प्रयोग तोलून खाणाऱ्या गटासह पुन्हा करण्याचा अर्ज स्नेहलच्या मागच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने दिला आहे. त्याने अर्क नळीने द्यायचं सुचवलं आहे, आठवड्यातून तीनदाच. फोर-एनक्यूओचा अर्जही एकाने आणला होता. बाटल्या धुण्याची वेगळी, बंदिस्त सोय होईपर्यंत तो आम्ही बाजूला ठेवला आहे. स्नेहल सध्या निपाणीत मशेरी लावणाऱ्या बायकांची तोंडं तपासण्याच्या एका शिबिरात काम करते.